कुंकू लागलेलं खोकं

माझा भाचा गिरीराज बसवनगुडीत टीव्ही गेमचं दुकान चालवतो म्हटलं की देवनहळ्ळीकडची आमची माणसं विचारायची, "म्हणजे टीव्ही विकतो काय?" नव्हे हो! मोटारीच्या रिकाम्या शेडमध्ये दोन टीव्ही, दोन मशिनं, सहा स्टुलं. यावं, अर्धा तास खेळावं, जावं. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला, पण त्यानं मलाही बसवलं होतं. माझा राजपुत्र पहिल्याच खंदकात पडायचा आणि मी पोट धरून हसायचो.

हा राजपुत्राचा खेळ म्हणजेच गिरीराजचं दुकान. सात बुरूज चढायचे. सातव्यावर एक दार, तिथं खेळ संपायचा. दार काही उघडायचं नाही. बँकेतली विद्या तिथवर सगळ्यांत आधी पोचली. मग बाकीचेही पोचले आणि हळूहळू यायचे थांबले. विद्या मात्र जाता-येता शेडमध्ये डोकावायची. "अण्णा, दाराच्या आत काय आहे?"

१९९५च्या दसऱ्याआधी कंपनीची जाहिरात आली. नवं मशीन, नवा खेळ. खोक्यावर राजपुत्र घोड्यावर बसून उघड्या दारातून आत निघालेला! गिरीराजनं शेडबाहेर फळा लावला : 'दसऱ्याला दार उघडणार.' जुनी दोन्ही मशिनं त्यानं देवाप्पाला बदल्यात दिली. हा देवाप्पा त्याला माल पुरवायचा, सज्जन माणूस. म्हणाला, "पसंत नाही पडलं तर खोकं जसंच्या तसं आण, जुनी परत देतो."

घरी येताच गिरीराजनं खोक्याची पट्टी कापायला ब्लेड काढलं. मी ओरडलो, "अरे, खंडेनवमी दोन दिवसांवर आलीय! नवं हत्यार पूजेआधी चालवतात काय?"

"मामा, स्वल्प बघतो फक्त."

"पूजा होऊ दे. दशमीला उचल."

मोठ्या माणसाचा शब्द. त्यानं ब्लेड ठेवलं. नवमीला स्क्रू-ड्रायव्हर, कात्री, माझा जुना कोयता आणि मधोमध ते खोकं, अशी पूजा मांडली. मी हौसेनं खोक्यावर गंधाची पाच बोटं ओढली, वर कुंकू, वर हळद. झेंडूच्या माळेचं पाणी पुठ्ठ्यात मुरलं. काय सुंदर दिसत होतं!

दशमीला शेड भरलं. विद्याला मान म्हणून पहिलं बसवलं. पडदा उजळला. रंग झकास, वाजंत्री मोठी. पण तोच खंदक, तोच पहिला बुरूज. विद्याचे हात न बघता चालत होते. सातव्या बुरुजावर तेच दार. बंद.

विद्या उठली, पर्स खांद्याला लावली. "कंपनीचं सोडा अण्णा. तुम्ही पण?"

मी आणि गिरीराज खोकं घेऊन देवाप्पाकडे धावलो. त्यानं कुंकवाकडे पाहून हात जोडले. "हे कंपनी परत घेणार नाही हो. जुनंच नव्या खोक्यात घालतात, मलाही नंतरच कळलं. नवमीच्या आत, कुंकू लागण्याआधी आणलं असतंत तर..." गिरीराजनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

परत येऊन त्यानं फळा पुसला आणि लिहिलं : 'खेळ जुनाच आहे. दार उघडत नाही.'

मी म्हटलं, "वेड्या, असं लिहितात काय? चार दिवस तरी चाललं असतं."

"कंपनीचंही चाललंच आहे की, मामा."

दिवाळीपर्यंत शेडमध्ये परत मोटार उभी राहिली. गिरीराज घरोघरी जाऊन मिक्सर, पंखे दुरुस्त करू लागला. तोंडात शब्द कमी, कपाळावर आठी.

पुढच्या खंडेनवमीला त्यानं नवं ड्रिल मशीन आणलं. मी कुंकवाची कोयरी घेऊन उभा. त्यानं माझ्यासमोर खोकं टराटरा फाडलं, वायर जोडली आणि देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीत घर्र करून भोक पाडलं. चुना माझ्या धोतरावर उडाला.

"सरी, झालं, मामा. आता लावा कुंकू."

मी लावलं. ते भोक अजून तसंच आहे. गवंडी बुजवायला निघाला होता, मीच नको म्हणालो.