पुढं आलेला हात

हाजराबी आधी हात धरायची, मग तोंड बघायची. जळकोटात चाळीस वर्षं तिनं दारोदार बांगड्या भरल्या. मनगट दाबलं की माप सांगायची, "दोन चार. हाड मऊ हाय, रडू नको." पोरगी रडायच्या आत चार बांगड्या चढलेल्या असायच्या. भरून झाल्यावर बायका वाकून नमस्कार करायच्या, तशी रीतच आहे. पेटी मिटताना ती म्हणायची, "काच हाय, जपून भांडा."

आमच्या घरी ती माझ्या लेकीसुनांचे हात भरायची. माझा नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली. विधवेला काचेच्या बांगड्या भरत नाहीत. ती आली की मी दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायची. ती बाकीच्यांचे हात भरून पेटी मिटायची.

मग गावात सिनेमावाले आले. त्यांना बांगड्या भरणारी म्हातारी हवी होती. हाजराबीला सांगितलं, विधवेच्या दारात जायचं, तिचं कपाळ बघायचं, पेटी उचलून परत फिरायचं. मी म्हटलं, "यात काय शिकवायचं? तुम्ही जन्मभर तेच करताय." ती नुसती हसली.

तो सिनेमा आमच्याकडं लागलाच नाही. वर्षभरानं मुंबईत बक्षिसांचा कार्यक्रम झाला, त्यात सहायक अभिनेत्री म्हणून हाजराबीचं नाव पुकारलं. आळीतल्या बाया माझ्या घरी टीव्हीपुढं बसल्या होत्या. ती स्टेजवर चढली, बक्षीस देणाऱ्या हिरॉइनचा हात धरला आणि म्हणाली, "दोन दोन. जेवत न्हाईस का गं?" सगळा हॉल हसला. आम्हीही हसलो.

मग पडद्यावर तिचा तुकडा दाखवला. पांढऱ्या कपाळाची बाई दारात उभी. हाजराबीनं पेटी उचलली नाही, उघडली. त्या बाईचा हात धरला आणि हिरव्या बांगड्या भरल्या.

माझी जाऊ उठली. म्हणाली, "अक्का, त्याच हातानं आपल्या पोरीला चुडा भरायचा? मी तुळजापूरहून दुसरी आणते." माझ्या नातीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. बाकीच्या बायांनी माना हलवल्या. आमच्या घरानं तिला टाळलं, तर गावात एकाही लग्नात तिला बोलावणं आलं नसतं.

मला विटाळबिटाळ काही वाटला नाही. मला राग आला होता. एकोणीस वर्षं माझ्या दारात आली, आणि भरल्या कुणाला, तर तोंडाला रंग लावून विधवा झालेल्या बाईला.

ती परतल्यावर मी तिच्या घरी गेले. बक्षीस काचेचं होतं, चुलीजवळच्या फळीवर ठेवलेलं. "येवढी काच, अन् हातात चढत न्हाय," ती म्हणाली.

मी विचारलं, "सांगितलं एक आणि केलं एक, असं का?"

"म्या काय मुद्दाम केलं व्हय? ती पोरगी चुकली. हात पदरात घ्यायचा होता, तिनं पुढं केला. पुढं आलेला हात म्या कधी मोकळा सोडला न्हाय. सवय हाय. सिनेमावाल्यांनी तेच ठिवलं." मग माझ्या पदराकडं बघून म्हणाली, "तुमी कधी केला का पुढं, अक्का?"

तिनं मला एकोणीस वर्षं टाळलं असं मी धरून चालले होते.

लग्नात चुडा भरायला मी हाजराबीलाच बोलावलं. नातीचे हात भरून झाले, सुनांचे झाले. मग सगळ्या बायांदेखत मी तिच्यापुढं बसले आणि हात बाहेर काढला. तिनं मनगट दाबलं. "पहिलं दोन चार होतं. आता सांधे फुगलेत, दोन सहा." मी रीतीप्रमाणं वाकून नमस्कार केला. जाऊ त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली.

हाजराबी गेल्या थंडीत वारली. परवा तिची सून पेटी घेऊन आली. माझं कपाळ बघून उंबऱ्यातच घुटमळली. अजून शिकतेय.

मी हात पुढं केला.