एका सुताचा फरक

रविवार, २९ नोव्हेंबर १९३६. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि टांडापेठेतले विणकर जागेश्वर दादाजी निनावे घराच्या पुढच्या खोलीत लढाईची पदकं मोजत बसले होते. नग मोजायची त्यांना गरज नव्हती, ती एक्केचाळीस होती. ते घेर मोजत होते. पदकाच्या कडेभोवती धागा गुंडाळायचा, टोक जुळेल तिथे नखानं खूण करायची आणि धागा लाकडी पट्टीवर ताणायचा. सागवानी फळीवर पदकांसाठी गोल खाचा पाडून घ्यायच्या होत्या आणि सुतारानं माप मागितलं होतं.

"एकाच टांकसाळीचे हायेत ना सारे?" त्यांच्या पत्नी देवकीबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या. "एक मोजला की झालं. नवरदेवाच्या आंगरख्याचं माप घेऊन राहिले का?"

जागेश्वरांनी पुढचं पदक उचललं. एक काठ मोजून दुसरा गृहीत धरायची विणकराला सवय नसते. चाळीस पदकांचा घेर प्रत्येकी भरला चार इंच साडेतीन सूत. एक्केचाळिसावं पदक देवघरात होतं. ते त्यांनी उचलून आणलं आणि धागा गुंडाळला. घेर भरला चार इंच अडीच सूत.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जागेश्वरांनी ते पदक पुन्हा मोजलं, मग धागा बदलून तिसऱ्यांदा मोजलं. फरक एका सुताचाच राहिला. ते पदक त्यांच्या थोरल्या भावाचं, देवरावचं होतं.

देवराव निनावे १९१६ साली कामठीला भरती झाले. खेचरांच्या तांड्यावर त्यांची नेमणूक झाली, तांडा बसऱ्याला गेला आणि पुढच्या वर्षी पटकीनं ते तिथे वारले. घरी इंग्रजी पत्र आलं. लढाई संपल्यावर ज्यांना पदकं मिळाली त्यांत देवरावचंही नाव होतं, पण पदक घरी पोचलं नाही. वाटेत ते कुठे गेलं, हे कोणी सांगू शकलं नाही. आई रंभाबाई दर दिवाळीला विचारत. १९२७ साली इतवारीतल्या एका सराफाच्या दुकानात जागेश्वरांनी मुशीत जायला निघालेली पदकं पाहिली. प्रत्येकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव ठशानं उमटवलेलं असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यानंतर दर रविवारी ते सदर बाजारातल्या लिलावाच्या हॉलवर जाऊ लागले.

बदलून जाणारे साहेब त्या हॉलमध्ये सामान विकायला टाकत. खोगीर, दुर्बिणी, तलवारी, तोफगोळ्याच्या पितळी पुंगळ्यांच्या फुलदाण्या, क्वचित एखादी तोड्याची जुनी बंदूक. बंदुकीला परवाना लागे, तलवारीला गिऱ्हाईक जास्त. जागेश्वर फक्त पदकांवर (हॉलवर त्यांना तकमे म्हणत) बोली लावत. त्यांचं मराठी चौथीपर्यंत झालं होतं, इंग्रजी अक्षर येत नव्हतं. हॉलचे कारकून रुपराव त्यांना कडेवरचं नाव वाचून दाखवत; देवरावच्या पत्रातला नंबरही त्यांनीच वाचून दिला होता. नाव देवरावचं नसे. तरी पदक परत टाकायला हात होत नसे, कारण ते उद्या मुशीत गेलं असतं. जागेश्वर ते घेत आणि घरी येऊन कापडाच्या चिठ्ठीवर त्या शिपायाचं नाव मराठीत लिहून पदकाला बांधत. हॉलवरचे नेहमीचे बोलीवाले हसत. "निनाव्याच्या घरी नावायची खाण लागली," असं म्हणत.

रुपराव मित्र झाले. त्यांनी जागेश्वरांना कामही दिलं. जुन्या शिपायांच्या पदकांच्या रेशमी फिती विरत, त्यांना नव्या लागत. मधे नारिंगी पट्टा, दोन्ही अंगांना पांढरा, काळा आणि निळा. जागेश्वर ती फीत हुबेहूब विणत. निनाव्यांच्या घरात विणलेल्या प्रत्येक वस्त्राच्या डाव्या काठाला एक तांबडा धागा असतो. ती घराची खूण. फितीत ती घालू नये, असं रुपरावांनी सांगितलं. "फीत सरकारी दिसली पायजे गा. तुही सही कोन मांगून राहिलं?" जागेश्वरांनी फितीतून तांबडा धागा वगळला.

१९३३ च्या मार्चमध्ये रुपरावांनी एक पदक हातात घेतलं, चष्मा वर सरकवला आणि कडेवरचा नंबर वाचला. मग नाव वाचलं. देवराव निनावे. फीत कुजली होती, म्हणून तुझीच लावली, असंही त्यांनी सांगितलं. समोरून कोणी कळमेश्वरचा व्यापारी बोली चढवत होता. चांदीच्या भावानं दीड रुपयाचं ते पदक जागेश्वरांना एकोणीस रुपयांना पडलं. त्या दुपारी रुपराव निनाव्यांकडे जेवले. तेव्हापासून रंभाबाई रोज आंघोळीनंतर पदक राखेनं घासत आणि देवघरात ठेवत.

म्हणून धागा कमी भरल्यावर जागेश्वरांनी पहिला विचार राखेचा केला. तीन वर्षं घासून झिजलं असेल. त्यांनी पदक उजेडात धरलं. राखेनं झिजायचं तर आधी पदकावरच्या राजाचं नाक झिजलं असतं. नाक शाबूत होतं, भुवईसुद्धा. झिजली होती फक्त कड आणि तीही सगळीकडून सारखी.

नऊ वाजता ते शेजारच्या गल्लीत गेले. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या पुष्पलताबाई तिथे राहत. जागेश्वरांनी एक्केचाळीस पदकांचं गाठोडं त्यांच्या ओट्यावर सोडलं.

"बाई, हे वाचून द्या. एक-एक."

"काका, तुमच्या चिठ्ठ्या आहेत की याच्यावर."

"चिठ्ठ्या मी लिहिल्या. वाचलं दुसऱ्यानं."

पुष्पलताबाईंनी वाचायला घेतलं. जागेश्वर चिठ्ठ्या पाहत होते. चाळीस नावं चिठ्ठीबरहुकूम जुळली. एकातही चूक निघाली नाही. एक्केचाळिसाव्यावरही देवराव निनावे हेच नाव होतं आणि नंबरही होता. जागेश्वरांनी बसऱ्याचं पत्र आणलं होतं, त्यातला नंबर तोच.

"मग झालं ना, काका?"

"तुम्ही अंगठा फिरवून पाहा त्याच्यावरून."

बाईंनी अंगठा फिरवला, मग दुसऱ्या एका पदकावरून फिरवला आणि ती दोन्ही पदकं डोळ्यांजवळ नेली. "हे अक्षर वेगळं आहे. बाकीची ठशाची आहेत, एका मापाची. हे हातानं कोरलंय. इथे तर कोरणी घसरली आहे." मग त्यांनी विचारलं, "पत्रातला हा नंबर कोणाकोणाला माहीत होता?"

"मले," जागेश्वर म्हणाले. "अन् ज्यानं मले पत्र वाचून दाखवलं, त्याले."

टांडापेठेतून सदर बाजार पायी पाऊण तासाचा आहे. जागेश्वर साडेदहाला हॉलवर पोचले. लिलाव अकराला सुरू व्हायचा होता. रुपराव एका तोड्याच्या बंदुकीला नंबराचं तिकीट बांधत होते.

"आला का गा? आज तकमा एकही नाई. ही बंदूक हाय, घेतं का? लायसन काढ पहिले."

जागेश्वरांनी खिशातून दोन धागे काढून टेबलावर शेजारी शेजारी ताणून ठेवले.

"हे काय? माही मुंज लावून राहिला का?"

"हा चाळीस तकम्यायचा घेर. अन् हा देवरावचा."

रुपरावांनी पाहिलं. पाहायला वेळ लागला नाही. "सुतावरून स्वर्ग गाठू नको बे जागेश्वर. तुही माय रोज राखेनं घासते. झिजला असन."

"राजाचं नाक जसंच्या तसं हाय. कड काहून झिजली?"

रुपरावांनी तिकिटाची गाठ पुरी केली आणि बंदूक भिंतीला टेकवली. मग चष्मा काढला. "बस."

"उभा बरा हाय मी."

"सहा वर्षं, गा. दर इतवारी तू दारातून यायचा अन् एकच विचारायचा. भेटला का? भेटला का? मले पाहवे नाई. रंभामावशी थकली होती. म्हटलं, डोळे मिटायच्या आधी तिच्या हातात काहीतरी पडू दे. कोनाचं काय गेलं?"

"मायेच्या हातात पडू द्यायचं होतं, तर नेऊन द्यायचा होता. बोली एकोणीस रुपयापर्यंत काहून गेली?"

रुपरावांनी टेबलावरची यादी सरळ केली.

"तो कळमेश्वरवाला अजून कधी दिसला नाई हॉलवर," जागेश्वर म्हणाले. "तीन वर्षं झाली."

"बाकीचे चाळीस पाहिले का तू?" रुपरावांचा आवाज चढला. "वाचून घेतले ना कोनाकडून तरी? वाचूनच आला असशीन. एक तरी खोटा निघाला का? साऱ्या इतवारीत असा एक सराफ दाखव मले, एक्केचाळिसात चाळीस खरे बोलणारा."

"चाळीस खोटे बोलला असता तरी चाललं असतं," जागेश्वर म्हणाले. "तो एक पायजे होता."

हॉलमध्ये दोन-तीन बोलीवाले येऊन बसले होते. रुपरावांनी आवाज उतरवला.

"झालं ते झालं."

"त्याच्यावर पहिले नाव कोनाचं होतं?"

"कोन लिहून ठेवते?"

"वाचलं तर असशीन. घासायच्या आधी."

"पंजाबचा होता कोनी. का गढवालचा. आठवत नाई, गा. कानशीनं गेलं ते." रुपरावांनी चष्मा पुन्हा लावला आणि यादी उचलली. जागेश्वर वळले तेव्हा मागून शब्द आले. "बुधवारी फीत घेऊन येजो. चौदा हात बाकी हाय. रागात ताना कापून टाकशीन म्हटलं असतं, पन तुमच्या घरात ताना कापत नाई. तूच सांगतलं होतं."

हे खरं होतं. मागावर चढवलेला ताणा अर्ध्यातून कापायचा नाही, शेवटपर्यंत विणून उतरवायचा, असा निनाव्यांचा नेम आहे. घरात मयत झालं तरी तेरावा आटोपून तोच ताणा पुढे विणतात. देवरावच्या मृत्यूचं पत्र आलं, तेव्हा मागावर असलेलं लुगडंही तसंच पुरं झालं होतं.

जागेश्वर घरी आले तेव्हा रंभाबाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वय बाहत्तर, दिसतं कमी, कानाला ठीक.

"सकाळपासून देवघरात बिल्ला नाई," त्या म्हणाल्या. "मी राख घेऊन बसली होती."

जागेश्वर त्यांच्यासमोर बसले. "माय, तो देवरावचा नाई. रुपरावनं दुसऱ्याचा घासून त्याच्यावर आपलं नाव कोरलं."

रंभाबाईंच्या हातातली शेंग अर्धी उघडली होती. ती त्यांनी पुरी सोलली, दाणे ताटात टाकले. "मंग कोनाचा हाय?"

"मालूम नाई. पंजाबचा होता म्हणते कोनी."

"त्याले माय असन."

"असन."

"तिले पत्र गेलं असन. बिल्ला इकडे आला." त्यांनी पुढची शेंग घेतली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी रुपराव आपल्या घरी जेवला. पुरणाची पोळी दोनदा मांगून घेतली त्यानं. मी तूप वाढलं. मावशी, अजून वाढ म्हणे."

स्वयंपाकघरातून देवकीबाईंचा आवाज आला. "तीनदा. तिसरी मी वाढली."

रंभाबाईंनी हात पुढे केला. जागेश्वरांनी पदक त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं कड चाचपली. ते अक्षर त्यांनी तीन वर्षं रोज चाचपलं होतं.

"देवरावचा भेटला नाई म्हणजे," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

"नाई."

"मंग त्याची जागा ठेव. हा देवघरात राहू दे. ह्याच्या मायेले कोन सांगन, हा कुठं हाय ते."

दुपारी जागेश्वर सुताराकडे गेले. फळीवर एक्केचाळीस खाचा पाडायच्या, सगळ्या चार इंच साडेतीन सूत घेराच्या. पदकं चाळीसच बसतील, एक्केचाळिसावी खाच रिकामी राहील, असं त्यांनी सांगितलं. घरी येऊन देवघरातल्या पदकावरची देवराव लिहिलेली चिठ्ठी त्यांनी सोडून घेतली. तिच्या जागी दुसरी बांधली नाही.

संध्याकाळी उजेड होता तोवर ते मागाजवळ बसले. फितीचा ताणा तसाच होता. त्यांनी डाव्या काठाचा शेवटचा निळा धागा फणीच्या मागे तोडला, डब्यातून तांबड्या रेशमाची गुंडी काढली आणि तांबडा धागा तिथे जोडून फणीतून ओढून घेतला. देवकीबाई दारात उभ्या होत्या.

"त्यानं नाई म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं."

"घेईन का तो मंग अशी फीत?"

"घेतली तर जो पाहीन त्याले कळन, ही सरकारी नाई, टांडापेठेतली हाय. नाई घेतली तर घरात राहीन. ताना मात्र पुरा होईन."

उद्या सोमवार आहे. सकाळी साडेसहाला जागेश्वर निनावे मागावर बसतील. फीत चौदा हात बाकी आहे. दिवसाला सात हात निघते, म्हणजे मंगळवारी संध्याकाळी ताणा संपेल. आजवरच्या फितीला नव्हता तो तांबडा धागा या चौदा हातांच्या डाव्या काठाला पहिल्या इंचापासून असेल.