विहिरीवरचं धोतर

मला भुताच्या गोष्टी लिहायच्या होत्या. ही हौस ज्यांच्या पुस्तकानं लावली, त्या पुण्याच्या लेखकांनीच मला कळवलं की तुला गोष्ट सांगता येत नाही. आज माझे केस पांढरे झाले, नातवंडं कामाधंद्याला लागली, तरी ते कार्ड आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

तेव्हा आम्ही भूमला राहायचो, आठवडी बाजाराच्या मागच्या गल्लीत. माझे अब्बा जिल्दसाज होते. पुस्तकं आणि दप्तरं बांधायची, हाच धंदा. निजामाच्या अमलात कचेरीची उर्दू दप्तरं त्यांच्याकडंच यायची. मग राज्य बदललं, कचेरी मराठी झाली आणि अब्बांकडं मराठी पुस्तकं येऊ लागली. अब्बा मराठी फडाफडा बोलायचे, पण वाचता अक्षर येत नव्हतं. आकडे तेवढे बाजारापुरते ओळखायचे. ओसरीवर त्यांचा पुस्तकं दाबायचा शिकंजा, दोऱ्याची रिळं आणि लेईचं, म्हणजे चिकटवायच्या खळीचं, भांडं असे. लेईला कसर लागू नये म्हणून ते तिच्यात मोरचूद घालायचे, त्यामुळं त्यांची बोटं कायम निळसर दिसायची. मोरचूद विषारी, म्हणून त्या हातांनी घरातल्या पाण्याला शिवायचं नाही, अशी अम्मीची ताकीद होती. काम संपलं की अब्बा परसातल्या आडावर जाऊन हात धुवायचे. पाऊस असो, ताप असो, यात कधी बदल नाही.

त्यांच्याकडं आलेलं पहिलंवहिलं मराठी पुस्तक म्हणजे मुलांसाठी लिहिलेल्या भुताच्या गोष्टी. शाळेतल्या एका मास्तरांचं होतं. वाळवीनं कडा खाल्लेल्या, दोरा तुटलेला, जुज सुटे झालेले. जुज म्हणजे सोळा-सोळा पानांची एकेक घडी. अशा घड्या एकीवर एक ठेवून शिवल्या की पुस्तक होतं. अब्बांनी आकडे बघून जुज लावले, शिवले, मग खराब कडा कापून टाकल्या. त्या कापण्यात पानांच्या तळाचे आकडेही गेले. वर अबरीचा, म्हणजे रंगीत लहरींचा कागद चढवला. पुस्तक नव्या नवरीसारखं दिसायला लागलं, पण मास्तर न्यायला आलेच नाहीत. त्यांची कुठंतरी लांब बदली झाली होती. अब्बांनी पुस्तक फडताळात ठेवलं आणि मला बजावलं, "वाचायचं असंल तर हात धुऊन वाच. मास्तरांची अमानत हाय ती."

मी तेव्हा उर्दू शाळेतून नुकतीच मराठी शाळेत आले होते. वर्गातल्या पोरी माझ्या बोलण्याला खुदुखुदु हसायच्या, म्हणून मी घरी येऊन ते पुस्तक मोठ्यानं वाचायचे. मराठी मी त्या पुस्तकावर शिकले. भ्यायलाही त्याच्यावरच शिकले.

काय पुस्तक होतं ते! उघडलं की पहिल्याच पानावर गोष्ट अर्ध्यातून सुरू व्हायची, आणि लेखकांचं नाव थेट शेवटाकडच्या पानांत सापडायचं. एक गोष्ट धोतराची होती. आधी एक धीट मुलगा भर दुपारी पडक्या विहिरीवर जातो, बाभळीत अडकलेलं कुणाचं तरी धोतर ओढून काढतो, घरी आणतो, घडी घालून पेटीत ठेवतो. गाव आपल्याच भित्रेपणाला हसतं. खाली तात्पर्य, की भीती हा मनाचा खेळ आहे. मग मध्ये दुसऱ्याच गोष्टी. आणि बरीच पानं उलटल्यावर पुन्हा तेच गाव, तीच विहीर, आणि बाभळीतून पांढरं कुणीतरी हात हलवून बोलावतंय. गुरं तिथल्या पाण्याला तोंड लावत नाहीत. बाया घागरी टाकून पळतात. आणि नेमकं तिथंच वाक्य अर्धवट तुटतं आणि गोष्ट थांबते.

धोतर तर पेटीत होतं. मी स्वतः वाचलं होतं.

पुस्तकातल्या साऱ्याच गोष्टींची ही तऱ्हा. आधी उलगडा, मग भूत. उलगडा झाल्यावरही जे भूत येतं, त्याला पळवून लावायला माणसाजवळ काहीच उरत नाही. हे मला तेव्हा अशा शब्दांत कळत नव्हतं, पण अंगावर काटा यायचा तो खराच. मध्येच वाक्य तुटलं की मला वाटायचं, इथं लेखकाचासुद्धा हात थरथरला असणार. भुताचे पाय उलटे असतात, हे माझ्या फुफीनं, अब्बांच्या बहिणीनं, कधीच सांगून ठेवलं होतं. तेव्हा भुताची गोष्टही उलटी चालणार, यात मला काही वावगं दिसलं नाही.

शाळेच्या पेटीतली मुलांची इतर पुस्तकंही मी वाचली. एका लेखकांची भुतं शेवटी चोर निघायची. एका बाईंची स्वप्नं निघायची, आई येऊन उठवायची आणि दूध द्यायची. मला त्या मंडळींची कीव यायची. पुण्याचे माझे लेखक या सगळ्यांपेक्षा शहाणे, असं माझं ठाम मत झालं होतं, आणि त्यांच्यासारखं लिहायचं हे मी ठरवून टाकलं होतं.

सातवीत असताना दप्तरांच्या कापलेल्या कागदांवर मी माझी गोष्ट लिहिली. आधी गिरणीवाला म्हातारा गिरणी कायमची बंद करतो, इंजिनाचा पट्टा काढून घरी नेतो, कुलूप लावतो, लेकीच्या गावी जाऊन तिथंच वारतो. मग मागाहून, भर दुपारी गिरणी पुकपुकायला लागते आणि दाराच्या फटीतून बाहेर आलेलं पीठ हाताला गरम लागतं. बस्स. माझे लेखक मुलांचं एक मासिकही चालवायचे, तिथं मी ती पाठवून दिली. पुढचे दोन महिने पोस्टमन गल्लीत दिसला की मी दारात उभी.

आलं ते कार्ड. कार्ड म्हणजे साऱ्या गावानं वाचायची वस्तू, हे पुण्याच्या माणसाला कोण सांगणार. पोस्टात ते आधी वाचलं गेलं, मग बाजारात, मग आमच्याकडं आलं. लिहिलं होतं की गोष्ट उलटी झाली आहे, शेवट आधी आणि सुरुवात नंतर आली आहे, ती सरळ करावी. शिवाय भूत म्हणजे खरोखर काय होतं ते अखेरीस सांगावं, मुलांच्या मनात भीती उरता कामा नये. अक्षर मोठं सुरेख होतं, म्हणून तर अधिकच संताप आला. त्याच दिवशी कापडवाल्यानं अब्बांना हटकलं, "तुमच्या पोरीनं गोष्ट उलटी लिव्हली म्हणं." अब्बांनी घरी येऊन मला विचारलं, खरंच उलटी लिहिलीस का. मी फणकाऱ्यानं सांगितलं, त्यांच्याच पुस्तकासारखी लिहिली.

हेच मी लेखकांनाही लिहिलं. तुमच्या धोतराच्या गोष्टीवरून शिकले, तुम्ही उलटं लिहिलं तर चालतं, मी लिहिलं तर का नाही. उत्तर दोन ओळींचं आलं. माझ्या पुस्तकात असं काही नाही. पुन्हा नीट वाचावे.

तीन वर्षं मी दुसरं केलं काय होतं. माझं जेवणावरून मन उडालं. खोटं बोलणारा मोठा माणूस त्याआधी मी पाहिला नव्हता, आणि हा तर माझा लेखक होता.

त्याच सुमाराला ईदला धाराशिवला फुफीकडं जाणं झालं. तिथल्या वाचनालयात मुलांचं कपाट आहे असं कळल्यावर मी फुफीच्या मागं भुणभुण लावली. ती कुरकुरत आली, बाहेर पायरीवर बसली आणि दर थोड्या वेळानं हाक मारत राहिली. कपाटात ते पुस्तक होतं. तेच नाव, तीच चित्रं, पानांच्या तळाला आकडे शाबूत. मी उभ्या उभ्या वाचलं. विहिरीवर पांढरं काही हात हलवतं, गाव घाबरतं, मुलगा जातो, धोतर निघतं, गाव हसतं, तात्पर्य. संपलं.

इतकं मिळमिळीत. चोर आणि स्वप्नवाल्यांच्या पंगतीतले हेही एक. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, मग पुस्तक हातात उलटंपालटं केलं आणि माझ्या ध्यानात आलं. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं. अब्बांच्या हाताला जन्मभर तीच सवय. पहिला जुज त्यांनी उर्दूच्या हिशेबानं पहिला ठेवला, म्हणजे मराठीच्या हिशेबानं तो अगदी शेवटी गेला. एकेका जुजातली पानं नीट, पण जुजांची रांग उलटी. ज्या गोष्टींनी मला वेड लावलं, त्या पुण्याच्या लेखकांनी लिहिल्याच नव्हत्या. अर्ध्या त्यांनी लिहिल्या होत्या आणि अर्ध्या माझ्या निरक्षर बापाच्या सुईनं.

मग राग धरायचा कुणावर? लेखक खरं बोलले होते. अब्बांनी मुद्दाम केलं नव्हतं. आणि मी तीन वर्षं एका चुकीला गुरू करून बसले होते, गावभर हसं करून घेतलं होतं. एसटीत भूम येईपर्यंत मी फुफीनं दिलेल्या शीरखुर्म्याच्या डब्याचं झाकण उघडबंद करत बसले. शेजारच्या बाईनं अखेर डबा माझ्या हातातून काढून घेतला.

घरी पोचल्या पोचल्या मी अब्बांना सगळं सांगून टाकलं, तेही चार शब्द जास्तच. तुमच्यामुळं माझी गोष्ट परत आली, असंही मी म्हणाले. त्यांनी फडताळातून पुस्तक काढलं, डावीकडून उघडलं, उजवीकडून उघडलं, आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. माझं मन मोकळं झालं आणि मी गाढ झोपले, हीच माझी दुसरी चूक.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ओसरीवर दोऱ्याचे तुकडे पडलेले आणि पुस्तक शिकंज्यात. अब्बांनी शिवण उसवून जुज सरळ लावले होते, नव्यानं शिवलं होतं, पाठीला लेईसुद्धा लावून झाली होती. त्यांचा चेहरा समाधानी होता. मी दप्तर आपटलं आणि रडत ओरडत त्यांना नाही नाही ते बोलले. माझं पुस्तक तुम्ही मोडलं, मला विचारलं का नाही. अम्मी धावत आली. अब्बा शांतपणे म्हणाले, "तुझं कुठलं? मास्तरांचं हाय. उद्या ते आले तर उलटं पुस्तक त्यांच्या हातात देऊ व्हय?"

त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाच तर राग येत होता. मास्तर येणार नाहीत हे मला ठाऊक होतं, बहुधा त्यांनाही ठाऊक होतं. तरी ज्याची चीज त्याला नीट परत करायची, हा त्यांचा धंद्याचा धर्म, आणि त्यापुढं माझ्या भुतांची काय मातब्बरी.

दोन दिवसांनी पुस्तक वाळलं. दुपारची वेळ होती. अब्बा दुसऱ्या कुठल्या दप्तराला लेई लावत बसले होते. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, एक गोष्ट वाचून दाखव, म्हणजे बरोबर लागलं की नाही ते मला कळेल. मला तोंड उघडायचं नव्हतं. पण बापानं तपासायला सांगितलं तर नाही कसं म्हणायचं. मी त्यांच्या समोर बसले आणि धोतराची गोष्ट काढली.

वाचायला लागले ती मात्र मधल्या पानावरून. मुलगा विहिरीवर जातो तिथून. धोतर काढतो, घडी घालून पेटीत ठेवतो, गाव हसतं. तात्पर्यही वाचलं. मग पानं मागं उलटून मी सुरुवातीवर आले आणि बाभळीतलं पांढरं हात हलवायला लागलं. गुरं पाणी पीत नाहीत, बाया घागरी टाकून पळतात. जिथं तो जुज संपत होता तिथं, वाक्याच्या अर्ध्यात, मी थांबले आणि पुस्तक मिटलं. माझी बोटं पानं पुढून मागं नेतायत हे अब्बांना दिसलं नसेल असं कसं म्हणू? जिल्दसाजाच्या नजरेतून पान सुटत नाही. ते मला रागावतील म्हणून मी मान खाली घालून बसले.

त्यांचा लेईचा हात दप्तरावर तसाच थांबलेला होता. त्यांनी विचारलं, "धोतर तर पेटीत ठेवलं व्हतं ना? मग विहिरीवर कोण हाय?"

मी म्हणाले, ठाऊक नाही.

अब्बांनी मान हलवली. उरलेली लेई त्यांनी झाकून ठेवली, अजून निम्मं काम बाकी होतं तरी. उठले, परसदारापर्यंत गेले, बाहेर आडाकडं पाहिलं आणि परत येऊन जागेवर बसले. मग निळ्या बोटांचे दोन्ही हात पुढं धरून मला म्हणाले, रांजणातलं तांब्याभर पाणी आणून इथंच हातावर घाल, अम्मीला सांगू नको.