हिंदीवाली चेष्टा

भोपाळमधल्या टी. टी. नगरच्या बाजारात कुकर दुरुस्त करणारे एक काका बसतात. घराणं नागपूरकडचं, जन्म इथला, त्यामुळे मराठीत निम्मी हिंदी. मी पहिल्यांदा कुकर घेऊन गेले, तेव्हा शेजारचा बांगडीवाला कपाळाशी बोट फिरवत हसला. "दीदी, इनका खुद का स्क्रू ढीला है."

मग मी काकांच्या हातांकडेच बघत राहिले. त्यांनी रिंग बदलली, शिट्टी फुंकून पाहिली, पाणी घालून कुकर शेगडीवर चढवला आणि शिट्टी होईपर्यंत डोळे मिटून कान देऊन बसले. ती झाल्यावर चहाच्या घोटाबरोबर एक गोळी घेतली, सगळ्यांसमोर.

माझी नजर गोळीच्या पाकिटावर आहे हे त्यांनी हेरलं. "डोक्याची आहे, ताई. रोज घेतो. बरं राहायची चेष्टा करून राहिलो."

मी पडले पुण्याची. मला वाटलं, बिचारे स्वतःचीच थट्टा करताहेत. "नाही हो काका, अशी चेष्टा करू नये."

त्यांनी गोळ्यांचं पाकीट उचलून माझ्यासमोर धरलं. "मग काय, सोडून देऊ?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी ओशाळून त्यांना आमच्याकडचा अर्थ सांगितला. काका खुदकन हसले आणि बांगडीवाल्याकडे मान वळवून म्हणाले, "म्हणजे तो करतो ती मराठीवाली. आणि मी करतो ती हिंदीवाली."