मणीवाल्या बाई आणि जाळ्याचा वाटा

मणीवाल्या बाई मला कधी 'चूक' म्हणाल्या नाहीत. 'बरोबर'सुद्धा म्हणाल्या नाहीत. मी उत्तर सांगितलं की त्या माझ्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत; चटईकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "सांगू नको. मांड." मग मी मणी मांडायची. मांडून झालं तरी त्या आपल्या तांदूळ निवडत बसलेल्या. मी रडकुंडीला यायची. शाळेत निदान छडी बसली की कळायचं, चुकलं. इथे काहीच बसत नव्हतं. शेवटी वैतागून मी स्वतःच माझ्या मांडणीकडे बघायला लागले. त्यांना तेवढंच हवं होतं.

आमचं गाव चामोर्शीच्या अलीकडे, चांदा जिल्ह्यात. तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो. बाईंचे यजमान जंगलखात्यात कारकून होते. ते गेल्यावर बाईंनी मद्रासला जाऊन माँटेसोरी पद्धत शिकून घेतली आणि भावाच्या घरी परत आल्या. बरोबर एक ट्रंक आणली. गावाला वाटलं, दागिने असतील. निघाले काचेचे पिवळे मणी! एक सुटा मणी म्हणजे एक. तारेत ओवलेले दहा, बोटाएवढे. अशा दहा तारा शेजारी शेजारी बांधल्या की शंभर, तळहाताएवढे. आणि दहा शंभर एकावर एक रचून बांधले की हजार, एक जड चौकोनी ठोकळा. त्या दिवसापासून गावात त्यांचं नावच पडलं. बाकीचं सामान त्यांनी इथेच केलं. बुरडाकडून लहानमोठ्या बांबूच्या काठ्या कापून आणल्या, गेरू आणि नीळ लावून रंगवल्या. पाटीवर डिंकाने आकडे काढले आणि त्यावर वैनगंगेची वाळू पेरली. डोळे मिटून त्या वाळूवरून बोट फिरवायचं आणि आकडा ओळखायचा.

माझी आई त्यांच्याकडे धान कांडायला जायची, म्हणून मी त्या ओसरीवर पोचले. आम्ही ढिवर. तलावातली मासोळी धरायची, उरलेल्या दिवसांत मजुरी करायची. जाळ्याच्या गाठी मारून मारून माझी बोटं अशी टणक झाली होती की वाळूचा आकडा कळेचना. बाईंनी काय करावं? कोमट पाण्याचं गंगाळ माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "भिजव बोटं. झोपली हायत ती, जागी होऊ दे." माझ्या हातांना कोणी मुद्दाम पाणी तापवून द्यावं, हे त्याआधी घडलं नव्हतं. नंतरही फारसं घडलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

शेजारच्या वहिनींना हे सहन झालं नाही. त्या कुंपणावरूनच ओरडल्या, "अवो बाई, ढिवराची पोट्टी वसरीत बसवली तुमी! मासोळीचा वास येऊन राह्यला इथपरेंत!"

बाई म्हणाल्या, "येते ना. म्हणून तर तिले हात धुवाले लावले. तुमीबी या, धुवा, बसा. जागा हाय."

वहिनी आल्या नाहीत. पुढे त्यांचा धाकटा मात्र यायला लागला, आणि काठ्या लहानमोठ्या क्रमाने लावताना माझ्याच शेजारी बसायला लागला. बाईंनी यावर भाषण केलं नाही. भाषणं मी करते, हल्ली. मला अजून राग येतो. ज्या शाळेत मी जात होते तिथे मुलाला काही कळलं नाही तर त्याची जात सांगायचे, आणि ते उत्तर सगळ्यांना पटायचं.

आता माझ्या मठ्ठपणाची गोष्ट. मी चौथीत होते आणि मला भागाकार येत नव्हता. गुरुजींनी एकदा वर्गासमोर उभं केलं. "हिच्यासाठी मासोळीचंच गणित घालू," म्हणाले. "तिघांनी बारा मासोळ्या धरल्या. सारख्या वाटल्या. एकेकाला किती?" मी म्हटलं, तीन. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "मासोळीसुद्धा येत नाही हिला!" आणि बाबांना बोलावून सांगितलं, की पोरीच्या डोक्यात काही शिरत नाही, परीक्षेला बसवून उपयोग नाही, घरी कामाला लावा. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की मोठं जाळं ओढायला माणसं लागतातच. बाबा म्हणाले, "बरं." माझं शिक्षण त्या 'बरं'वर संपणार होतं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर मी मणी नुसते चिवडत बसले होते. बाईंनी विचारलं नाही काय झालं. बारा सुटे मणी माझ्यापुढे ओतले, तीन वाट्या ठेवल्या. "तिघांत वाट."

मी वाटले. तीन-तीन तिन्ही वाट्यांत टाकले आणि उरलेल्या तीन मण्यांचा बाजूला, चटईच्या कडेला, वेगळा ढीग केला.

बाई किती तरी वेळ त्या ढिगाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हा कोणाचा?"

"जाळ्याचा," मी म्हटलं.

आमच्यात तसंच वाटतात. जितकी माणसं पाण्यात उतरली तितके वाटे, आणि वर एक वाटा जाळ्याचा. ज्याचं जाळं, त्याच्या घरी तो जातो. जाळं फाटतं, त्याला सूत लागतं, गाठी माराव्या लागतात. जाळ्याला वगळून वाटणी केली तर आमच्याकडे त्याला चोरी म्हणतात. वाटणे म्हणजे हेच, दुसरं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणून मी आंबे वाटतानाही जाळ्याचा वाटा काढायची, पेढे वाटतानाही. छड्या खायची आणि पुन्हा काढायची.

बाई हसल्या नाहीत. दुसरं कोणी हसत नाही ना, म्हणून ओसरीभर एकदा नजर फिरवली, आणि मग मला हळूच म्हणाल्या, "आंब्याले जाळं लागते काय गं?"

मला इतकं हसू आलं की वाटी लवंडली.

"तुज्या बाबाची वाटणी खरी हाय," त्या म्हणाल्या. "ते मोडू नको. गुरुजीची वाटणी बिनजाळ्याची हाय. आता दोन्ही मांड, एकाखाली एक." मी दुपारभर मांडत राहिले. भागाकार मला त्या दुपारी आला. पुस्तकात होता तसाच तो होता. फक्त माझ्या घरातून पुस्तकापर्यंत जायला मधे कोणी वाट ठेवली नव्हती, ती बाईंनी केली.

पण बाबांचं 'बरं' अजून तसंच होतं. जाळं ओढायच्या आदल्या दिवशी ते मला न्यायला आले. ओसरीवर न चढता अंगणातच उभे राहिले.

"मणी ओवून पोट भरते काय, बाई?"

"नाई भरत," बाई म्हणाल्या. "या, वर बसा, भाऊ."

बाबा पायरीवर टेकले. समोर हजाराचा ठोकळा होता. त्यांनी तो सहज उचलला, हातात फिरवला. "हे काय?"

"हजार हाय, बाबा," मी म्हटलं.

"हजार?" त्यांनी तो पुन्हा फिरवला. एका बाजूचे मणी मोजले, दुसऱ्या बाजूचे मोजले. तळहातावर ठेवून वजन बघितलं. "पुरा हजार? येवढाच?"

"येवढाच," बाई म्हणाल्या.

 मग बाबा मला नाही, बाईंना म्हणाले, "तलावाचा ठेकेदार म्हणते, हजार बोटुकली पिल्लं सोडली, दोन हजार सोडली. मी मान खाली घालून हो म्हणतो. मले वाटे, हजार म्हणजे का जाणे केवढं! हातात येत नसंल." त्यांनी ठोकळा फार जपून खाली ठेवला. "हिले येते काय हे सारं?"

मी बाईंकडे बघितलं. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं, पण त्यांनी टाकला नाही. तेव्हा मीच हजाराशेजारी दहा शंभर मांडले, एका शंभराशेजारी दहा तारा, आणि मग बारा सुटे मणी घेऊन बाबांना वाटून दाखवले. आधी त्यांच्या पद्धतीने, मग गुरुजींच्या. बाबा बोट लावून बघत होते. दुसऱ्या मांडणीत जाळ्याचा ढीग दिसेना तेव्हा कपाळाला आठी घालून म्हणाले, "हे लबाडीचं दिसून राह्यलं." मी म्हटलं, "बाबा, हे आंबे हायत." ते मोठ्याने हसले. मग उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "उद्या जाळ्यावर तुजी आई येईन. तू परीक्षा दे."

परीक्षा दिली, पास झाले. चांद्याच्या वसतिगृहात जागा मिळाली ती बाईंनी चकरा मारून मिळवली. मी जाताना त्यांनी डोक्यावरून हात फिरवला नाही, उपदेशही केला नाही. बसमध्ये उलटी होते म्हणून पदराच्या टोकाला सुंठीचा तुकडा बांधून दिला.

मला चांद्यात पुष्कळ शहाणी माणसं भेटली. ती सांगायची, हे मणी-काठ्यांचं शिक्षण शहरातल्या खात्यापित्या घरच्या मुलांसाठी आहे, जंगलभागाला परवडणारं नाही. मी त्यांना विचारायची, छडी तेवढी परवडते का? यावर ती म्हणायची, तुझं बोलणं फार उद्धट आहे. असेल. पण ज्या पोरीला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी खरं-खोटं बघता आलं, तिच्याकडून नुसती मान डोलवायची अपेक्षा करू नये. माझ्या या उद्धटपणाचं श्रेय बाईंना आहे. त्या ऐकतील तर ओशाळतील, तरी आहे.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या आठवड्यात बाई तापाने गेल्याचं कळलं. त्यांना द्यायला घेतलेले पेढे हातातच राहिले. गावी पोचले तेव्हा दिवस होऊन गेले होते. मी सरळ त्यांच्या घराकडे गेले. मनाची तयारी केली होती की ओसरी रिकामी असेल, ट्रंकेला कुलूप असेल.

ओसरीवर चटया अंथरलेल्या होत्या. वहिनींचा धाकटा, आता चांगला उंच झालेला, लहान मुलांना काठ्या काढून देत होता. आणि पायरीजवळ बाबा बसले होते, कोमट पाण्याचं गंगाळ पुढ्यात घेऊन. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरींना ते रोज घेऊन येतात, असं आईने मला नंतर सांगितलं. त्यांनी मला बघितलं, मानेनेच 'ये' म्हणाले, आणि एका पोरीची बोटं पाण्यातून काढून आपल्या धोतराच्या सोग्याला पुसू लागले.

मी चटईपाशी जाऊन उभी राहिले. डोळे भरून आले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं. खालून एक बारीक, चिडका आवाज आला.

"ओ बाई, पाय सरकवा ना तुमचा. मी मांडून राह्यली इथी!"

मी पाय सरकवला.