इंजिनं रुळवणारी व्हेल्मा

मांडीवर घेवड्याच्या शेंगा सोलत सोलत अडीचशे घोड्यांच्या ताकदीची बोट चालवणारी बाई मी एकच पाहिली, व्हेल्मा हेगूड. अलाबामातल्या आमच्या तळ्यावर धक्क्याला लागूनच माझं दुकान आहे. गळाला लावायची गांडुळं आणि उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा विकता विकता मला सगळं दिसतं. स्पर्धेच्या चकचकीत बोटी गोळीसारख्या सुटायच्या, आणि तसलीच एखादी बोट काठाकाठाने बदकांच्या मागून चाललेली असायची. ती व्हेल्माची.

हे तिचं कामच होतं. तिचा दीर डाल्टन बोटींच्या मागे लावायची इंजिनं दुरुस्त करायचा. तीही साधीसुधी नव्हेत, मासेमारीच्या स्पर्धेत पहाटे सगळ्यांच्या आधी मोक्याची जागा गाठणारी. असं इंजिन बोअर करून, म्हणजे आतून कोरून, पिस्टनला नव्या रिंगा घातल्या की सुरुवातीचे काही तास त्याला जपावं लागतं. पेट्रोलमध्ये तेल दुप्पट घालायचं, वेग बेताचा ठेवायचा, आणि तोही एकसारखा नाही. थोडा वाढवायचा, थोडा उतरवायचा, म्हणजे रिंगा नीट बसतात. डाल्टन प्रत्येक गिऱ्हाइकाला हे बजावून सांगायचा. गडी मान डोलवायचा आणि पहिल्या वळणाआड गेला की वेगाचा दांडा पुढे ढकलायचा. आठवडाभरात पिस्टन चिकटलेलं इंजिन परत, वर डाल्टनच्याच नावाने बोंब. शेवटी वैतागून त्याने भावाच्या विधवेला, व्हेल्माला, ही इंजिनं रुळवून द्यायची गळ घातली. जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई, तिला घाई म्हणजे काय ते माहीत नसणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मला मात्र राहून राहून कुतूहल वाटायचं. एवढ्या ताकदीवर बसून गोगलगाईसारखं चालताना हिच्या मनात काय येत असेल? एकदा ती गार गोड चहा प्यायला दुकानात आली तेव्हा मी विचारूनच टाकलं, तुला वेगाची भीती वाटते का गं?

"भीती वाटायला आधी वेगात जायला तर मिळालं पाहिजे," ती म्हणाली. "इंजिन रुळलं की मालक येतो, आभार मानतो नि बोट घेऊन जातो. नवरी मी सजवायची आणि लग्नाचं बोलावणं मला नाही."

"मग सांगायचं ना कुणाला, मला एक चक्कर मारून आण म्हणून."

"सांगितलंय की. सगळे म्हणतात, पुढच्या वेळी नक्की."

पण आता पुढची वेळ उरली नव्हती. तसली जुन्या घडणीची इंजिनं कमी होत चालली होती, नवी इंजिनं दुरुस्तीला शहरातच जायची, आणि डाल्टन दुकान बंद करायच्या बेतात होता. त्याच्याकडचं शेवटचं इंजिन होतं ट्रेंट होल्कमच्या लाल बोटीचं. ते रुळवून झालं आणि ट्रेंट न्यायला आला, तेव्हा मी गिऱ्हाईक तसंच सोडून धक्क्यावर गेले आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. हिच्या जिवावर तुम्ही पोरं उडता, हिला एकदा तरी बसवशील की नाही? बिचारा कानापर्यंत लाल झाला. रविवारी चर्च सुटल्यावर या म्हणाला, दोघीही.

रविवारी व्हेल्मा डोक्याला निळा रुमाल बांधून आली. आम्ही लाइफ जाकिटं चढवली. ती ट्रेंटच्या शेजारी बसली, मी कडेला. पुलापलीकडचं मोकळं पाणी आलं तसा त्याने दांडा पुढे केला. बोटीचं नाक उचललं, मग खाली आलं, आणि पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही. वाऱ्याने डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. मला व्हेल्माचा चेहरा बघायचा होता. ती वाकून एका डायलकडे बघत होती. तेवढ्यात तिने ट्रेंटचा दंड धरला आणि म्हणाली, "वेग उतरव. आत्ता."

बोट पाण्यात बसली. ट्रेंट गोंधळून बघत राहिला.

"पाण्याचा दाब पडत होता. इंजिन वर उचललंस का रे?"

उचललं होतं. अजून थोडा वेग मिळावा म्हणून शनिवारी त्याने ते बोटीच्या मागच्या चौकटीवर जरासं वर घेतलं होतं. त्यामुळे भरवेगात पाणी ओढायची भोकं हवा ओढत होती, इंजिन गार राहीना, आणि असाच गेला असता तर नवं बोअरिंग पार जळून गेलं असतं. त्याने मुकाट्याने इंजिन खाली घेतलं. मग, मोठ्या बाईला आमच्याकडे मानाने मिस म्हणतात तसं, चाचरत विचारलं, "पण वेग कसा वाटला, मिस व्हेल्मा?"

"कुणास ठाऊक. मी सुईकडे बघत होते."

मला भडभडून आलं. आयुष्यात एकदा मिळालेली गोष्ट, आणि तीही हिने कामातच घालवली. ट्रेंटने उठून, चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद पाडायची दोरी स्वतःच्या जाकिटाची सोडवली आणि तिच्या जाकिटाला अडकवली.

"इकडे बसा. सुई मी बघतो. तुम्ही समोर बघा."

ती बसली, चाकावर हात ठेवला, आणि दांडा हळूहळू नेत पार टोकाला नेला. ट्रेंट डायलला नाक लावून ओरडत होता, "ठीक आहे, मिस व्हेल्मा, ठीक आहे." तिचं तिकडे लक्षच नव्हतं. डोक्यावरचा रुमाल उडून गेला, तरी तिने मागे वळून पाहिलं नाही.