व्हिडिओला हात वर केलेला दिसत नाही

हॉलमधल्या मोठ्या स्पीकरमधून माझाच आवाज आला.

“सर, नमस्कार. सैपाकघरातून बोलायलेय, थापायचा आवाज आला तर राग मानू नका…”

मुलीच्या लातूरमधल्या मेडिकल प्रवेशाच्या क्लासची पालकसभा होती ती. पुढच्या खुर्च्यांवर डॉक्टर, प्राध्यापक. मागं उदगीर-नायगावहून पहाटेच्या बसनं आलेली माणसं. सरांनी आपला मोबाइल माइकला लावून धरला होता. माझ्या आवाजामागं भाकरी थापल्याची थपथप. मग तवा आदळला आणि सगळा हॉल हसला.

“…पोरीचं एक इचारायचं हाय सर, खालच्या बॅचला…”

सरांनी तिथं बंद केलं.

“नाव सांगत नाही,” ते म्हणाले. “पण मोबाइलवर मला असले बोलून पाठवलेले निरोप नकोत. हा आठवडी बाजार नाही. टाइप करा. नीट भाषेत लिहा.”

“कुठली गं बाई ही!” शेजारच्या बाई मला म्हणाल्या आणि तोंडाला रुमाल लावून हसल्या.

मी पण हसले. ओळखू येऊ नये म्हणून.

मुली भिंतीकडेला बसल्या होत्या. मैत्रिणीनं माझ्या मुलीला कोपरानं ढोसलं. तीही हसली. माझ्याकडं मात्र तिनं पाहिलं नाही.

मी एका होस्टेलच्या मेसमध्ये भाकऱ्या करते. भूकंप झाला तेव्हा सातवीत होते. औसा तालुक्यातलं आमचं गाव पडलं, शाळाही पडली. सातवी पत्र्याच्या शेडात झाली. आठवीसाठी दुसऱ्या गावी जायचं होतं, कुणी पाठवलं नाही. पण मला वाचता येतं. लिहिताही येतं. मोबाइलवर तेवढं जमत नाही, कारण तव्यानं माझ्या बोटांची कातडी मेली आहे. काचेला माझं बोट कळतच नाही. डाव्या हाताची करंगळी तेवढी कळते. तिनं बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. मेसमधल्या आम्ही सगळ्याजणी असंच करतो. त्यात लाजण्यासारखं काही आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

परतताना ऑटोत मुलगी म्हणाली, “तुला कुणी सांगितलं होतं बोलायला? आता सगळ्या मला भाकर म्हणायल्यात.”

त्यानंतर मी कुणाला बोलून निरोप पाठवला नाही. समोरासमोर बोलले तरी जपून. भाजीवाल्यानं मेथी हवी का विचारलं, तर मी “नको, धन्यवाद” म्हणाले.

“काय मावशी,” तो म्हणाला, “लई गोड बोलायलात. पुण्याला सोयरीक केली काय?”

तिथंही मान खाली घालून निघाले. माझं बोलणं मला अंगावरच्या डागासारखं वाटायला लागलं होतं.

मग एके दिवशी मेसच्या दारात नायगावची एक बाई आली. तिची मुलगी आमच्याच होस्टेलवर, माझ्या मुलीच्याच बॅचला. मुलीसाठी तूप घेऊन आली होती. मला नीट बघून म्हणाली, “ताई, स्पीकरवर तुम्हीच होता न्हवं? थापायच्या आवाजानं वळखलं.”

मी परातीकडं वळले.

“हसायचं ऱ्हाऊ द्या. पर तुम्हाला इचारायचं काय होतं? ते तर कुणाला ऐकूच आलं न्हाई.”

ती गेल्यावर मी मोबाइल काढला आणि माझाच निरोप पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला.

“…खालच्या बॅचला सर येतच न्हाईत. मोबाइलवर व्हिडिओ पाठवून देतात. पोरीला कळलं न्हाई तर तिनं इचारायचं कुणाला? व्हिडिओला हात वर केलेला दिसत न्हाई, सर.”

सरांनी हे सगळं आधी ऐकलं होतं. हसण्यापुरतं सभेला ऐकवलं. प्रश्न सुरू झाला तिथं बंद केलं.

मोबाइलशी माझं भांडण नाही. परातीशेजारी ठेवून ते व्हिडिओ मीही ऐकते. हृदयाला चार कप्पे असतात, हे मला त्यानंच शिकवलं. पण जास्त मार्कांच्या वरच्या बॅचला सर आणि कमी मार्कांच्या खालच्या बॅचला मोबाइल, ही वाटणी मोबाइलनं केलेली नाही.

पुढच्या सभेला मी पहिल्या रांगेत बसले. “कुणाला काही शंका?” सरांनी विचारलं. मी उठले आणि माइकपाशी गेले. 

“मागच्या खेपेला तुम्ही माझं अर्धंच लावलं, सर. आता पुरं लावते.”

करंगळीनं बटण दाबलं. थपथप. तवा. काहीजण हसले. मग पुरा प्रश्न ऐकू आला.

“ताई, ऑफिसमध्ये या,” सर म्हणाले. “निवांत बोलू.”

“न्हाई सर. हसलात ते इथं. बोला पण इथंच.”

सरांनी घड्याळ पाहिलं. वेळ संपल्याचं सांगितलं. 

ऑटोत मुलगी माझ्यापासून सरकून बसली. तिला माझी लाज वाटते. मलाही वाटते, त्या हॉलच्या पायऱ्या चढताना अजून कान तापतात. तापू देत. खालच्या बॅचसमोर सर येऊन उभे राहीपर्यंत मी प्रत्येक सभेला जाणार आहे. आता मोबाइल घरी ठेवून जाईन. तोंडानं विचारीन. माझ्याच बोलीत. मला मध्येच बंद करायला बटण नाही.